दारावरच्या बावीस रेघा

मित्रांनो, मी एक जुने अंडे आहे. हे ऐकून नाकाला रुमाल लावला असेल तर काढा, कारण मी लाकडाचे आहे. सत्तावीस वर्षांत मला कधी वास आला नाही, तडा गेला नाही आणि माझ्यातून कोणी बाहेरही आले नाही. आत काहीच नाही, आरपार नुसते लाकूड. एके काळी मला पांढरा रंग होता. तो केव्हाच उडाला. आता अंगावर जी चकाकी दिसते ती पॉलिशची नाही, माझ्यावर बसून गेलेल्या कोंबड्यांच्या पोटाची आहे. इतकी ऊब अंगावर घेऊन मी कोणालाच काही परत दिले नाही. म्हणून मी थकलो आहे. लाकूड थकते का, असे विचाराल. थकते. जड तेवढेच राहते, पण थकते.

मला घडवले एका सुताराने. गल्लीत सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांच्या घरी मुलगी झाली होती आणि ते तिच्यासाठी पाळणा करत होते. पाळण्याला कोपरे चार, पण मिस्त्रींनी खांब कातले पाच. मोजण्यात ते पहिल्यापासून कच्चे होते. तो पाचवा खांब खिडकीत पडून राहिला. कोंबड्या वाटेल तिथे अंडी घालतात, कधी कुंपणात तर कधी भुशाच्या पोत्यात, म्हणून त्यांची बायको एक दिवस कारखान्याच्या दाराशी आली.

"अहो, मला एक अंडं करून द्या."

"मी सुतार आहे, कोंबडी नाही."

"म्हणूनच लाकडाचं मागतेय."

अशा रीतीने त्या पाचव्या खांबातून मी निघालो. पाळण्याचे चार खांब माझी सख्खी भावंडे. ती घरात गेली आणि मी खुराड्यात.

माझे काम सोपे होते. कोंबडीला एक सवय असते: जिथे एक अंडे आधीच दिसते, ती जागा तिला सुरक्षित वाटते, आणि ती आपलेही तिथेच घालते. मिस्त्रीणबाईंनी मला जिथे ठेवले तिथे कोंबड्या येऊ लागल्या. दुपारपर्यंत माझ्या शेजारी तीन-चार गरम अंडी जमत. संध्याकाळी बाई ती उचलून नेत आणि मी तेवढा मागे राही. "लाकडी अंडं खुराड्यातून काढायचं नाही," ही त्या घराची रीतच होऊन बसली.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. एका कोंबडीला अंडी फोडून खायची खोड लागली होती. तिने माझ्यावर सलग तीन दिवस चोच मारली आणि मग अंडे दिसले की मान वळवून जाऊ लागली. एका कावळ्यानेही मला एकदा टोचले होते. ती खूण अजून आहे. तो कुंपणावर बसून बराच वेळ माझ्याकडे तिरक्या मानेने बघत होता. फसवले गेल्याचे पक्ष्यांना कळत नाही, असे म्हणणाऱ्याने त्या कावळ्याचा चेहरा पाहायला हवा होता. मिस्त्रीणबाई शेजारणींना सांगत, "आमचं हे अंडं दहा माणसांचं काम करतं." मला बरे वाटे. आपण खोटे आहोत ही गोष्ट तेव्हा माझ्या मनात फारशी येत नसे.

पाळण्यातली मुलगी मोठी झाली आणि लग्न होऊन दूर गेली. मग मिस्त्रींची थोरली बहीण घरी राहायला आली. तिचे यजमान वारले होते आणि तिला दुसरे कोणी नव्हते. मिस्त्री तिला ताई म्हणत, मिस्त्रीणबाई वन्सं म्हणत. ताईंचा हात कामाला चांगला आणि जीभ त्याहून चांगली. एकदा एक गिऱ्हाईक आपले कपाट न्यायला आले होते. त्याने खण ओढून पाहिला, तर तो जरा कुरकुरला. ताई चहा घेऊन आल्या होत्या. त्या सहज बोलून गेल्या, "बाबांच्या हातचं कपाट कधी कुरकुरलं नाही हो."

चहा पिऊन गिऱ्हाईक गेले ते कपाट न घेताच गेले. परत आले नाही. मिस्त्रींनी त्या दिवसापासून बहिणीशी बोलणे टाकले. बहिणीनेही टाकले. कपाटाचे दोन खण खुराड्यात आले, कोंबड्यांना अंडी घालायला. त्यातल्या डावीकडच्या खणात माझी रवानगी झाली. कुलपाचे भोक अजून तसेच आहे. सकाळचे ऊन तिथून आत येते. म्हणजे, मित्रांनो, मी त्या भांडणाच्या अगदी आत राहत होतो.

दोघे बोलत नव्हती म्हणजे गप्प होती, असे मात्र नाही. कारखान्याचे दार आणि स्वयंपाकघराचे दार समोरासमोर, आणि मध्ये परसात आम्ही. एक लठ्ठ कोंबडी होती, सगळ्यांना टोचून आधी दाणे खाणारी. तिला पटराणी म्हणत. ही दोघे जे बोलायचे ते पटराणीशी बोलत.

"पटराणी, कोणाला तरी सांग, जेवण निवतंय."

"पटराणी, त्यांना सांग, भूक लागली की माणूस येतो."

"आणि हेही सांग, पुन्हा गरम करायला इथे कोणी रिकामं बसलेलं नाही."

नाव ऐकले की पटराणी धावत मध्यभागी येई, दोन्ही दारांकडे बघे आणि एक दाणाही न मिळता परत जाई. दोन वर्षांत त्या घरात देवाचे नाव घेतले नसेल एवढे तिचे घेतले गेले. मिस्त्रीणबाई दोघांच्या मधून ताट नेत आणि आणत. त्या समजावूनही थकल्या होत्या.

त्यातच लेकीचा निरोप आला. दिवस भरत आले होते, आईने यावे. पाळणा खोलला गेला. माझी चार भावंडे जुन्या चादरीत बांधून दाराशी ठेवली गेली. त्याच सुमारास खुराड्यात करडी खुडूक झाली. खुडूक म्हणजे कोंबडी अंडी घालायचे थांबवते आणि उबवायला बसते; अंगाला ताप चढावा तशी गरम होते, कोणी जवळ आले की पिसे फुलवते. करडी अंगाने लहान आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. ती माझ्यावर बसून होती. मिस्त्रीणबाईंनी बुधवारी संध्याकाळी तिच्याखाली सहा खरी अंडी सारली. मग खडूचा डबा खुराड्याच्या दारावर टांगला आणि दोन्ही दारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"रोज एक रेघ ओढायची. एकवीस झाल्या की पिल्लं निघतील. तोवर तिला हलवू नका. तुम्ही दोघं बघा."

आणि त्या गेल्या.

आता काय झाले ते नीट ऐका. गुरुवारी सकाळी मिस्त्री कारखाना उघडण्याआधी आले. बहीण कशाला लक्ष देते, असे मनाशी म्हणत त्यांनी एक रेघ ओढली. संध्याकाळी खुराडे बंद करायला ताई आल्या. भाऊ कामाच्या नादात विसरणार, हे त्यांना ठाऊकच होते. त्यांनीही एक ओढली. शुक्रवारी तसेच, शनिवारी तसेच. मिस्त्रींचा चष्मा कारखान्यातच राही, त्यामुळे किती रेघा झाल्या ते त्यांना दिसत नसे. ताईंना वाटे, मोजायचे शेवटी. रोज मोजले तर दिवस सरत नाहीत. दोघांपैकी एकाने एकदा तोंड उघडले असते तर पुरे होते. मला तोंड नाही. मी आतून बघत होतो.

करडीचा मात्र नेम कडक होता. दिवसातून एकदाच उठायची, ऊन कुंपणावर आले की. चार दाणे खायची, दोन घोट पाणी प्यायची, धुळीत एकदा लोळायची आणि परत. बसण्याआधी चोचीने एकेक अंडे फिरवायची, बाहेरचे आत, आतले बाहेर. मलाही फिरवायची. तिने माझ्यात आणि त्यांच्यात कधी भेद केला नाही. शेजारची सहा अंडी दिवसेंदिवस बदलत होती. त्यांच्या आत काहीतरी धडधडत होते, आणि मी ते टरफलातून अंगाशी घेत होतो.

अकराव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, ताईंनी रेघा मोजल्या. एकवीस भरल्या. त्यांनी रेघ न ओढताच खडू ठेवला, एक अंडे काढून कानाशी धरले. आवाज नाही. "एक दिवस आणखी देते," म्हणाल्या. सोमवारी संध्याकाळी पुन्हा सगळी अंडी कानाशी धरली. बाराव्या दिवशी अंडे बोलत नाही, मित्रांनो, त्याला अजून वेळ असतो. पण ताईंच्या हिशेबाने तो बाविसावा होता. अंडी नासली असे त्यांनी धरले. नासकी अंडी फुटून घाण होण्याआधी सहाही टोपलीत घातली, परसाच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकली आणि वर राख ओढली. मी तेवढा राहिलो, रीतीप्रमाणे. करडीने त्यांच्या मनगटावर चोच मारली.

"बस गं उगीच," ताई हळूच म्हणाल्या. "तुला कुठे मोजता येतंय."

मग ओल्या फडक्याने दार पुसून टाकले.

मंगळवारी सकाळी मिस्त्री आले आणि खडू हातात घेऊन थबकले.

"पटराणी, दार धुवायची ही कोणती वेळ? रेघा होत्या त्याच्यावर."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "पटराणी, त्यांना सांग, एकवीस भरल्यावर रेघांची काय चौकट करून लावायची होती?"

"एकवीस कशा भरतील? माझ्या तर बाराच झाल्यात."

ताई ओल्या हातानेच बाहेर आल्या.

"तुझ्या म्हणजे?"

"रोज सकाळी ओढतोय ना मी."

"सकाळी? अरे, मी संध्याकाळी ओढत होते."

पटराणी दोघांच्या मध्ये उभी राहून इकडून तिकडे बघत होती. तिचे नाव कोणी घेत नव्हते.

"किती ओढल्यास?" मिस्त्रींनी विचारले.

"दहा."

दहा आणि बारा. मोजण्यात कच्च्या माणसालाही ही बेरीज आली.

"ताई," ते म्हणाले. दोन वर्षांनी त्यांनी ही हाक मारली होती. "अंडी कुठे आहेत?"

दोघांनी हाताने राख उकरली. अंडी एका रात्रीत दगडासारखी गार झाली होती. मिस्त्रींनी एक उन्हासमोर धरले. आतली सावली हलत नव्हती. ताई खड्ड्याच्या कडेला बसून राहिल्या. डोळे पुसायचे तर हाताला राख, म्हणून पाणी तसेच वाहू दिले.

"उठव तिला," शेवटी त्या म्हणाल्या. "खोट्या अंड्यावर किती दिवस बसवायचं बिचारीला?"

मिस्त्रींनी करडीला उचलून परसात ठेवले आणि खुराडे लावून घेतले. करडी दाण्यांकडे गेली नाही, पाण्याकडे गेली नाही. ऊन कुंपणावर आले आणि उतरलेही. ती दारासमोर उभी होती. संध्याकाळी ताईंनीच कडी काढली, आणि करडी सरळ येऊन माझ्यावर बसली. तिच्या पोटाचे कातडे इतके गरम होते की मला माझी लाज वाटली.

"तिला कळतच नाही रे," ताई म्हणाल्या.

"मोजता आपल्याला आलं नाही, ताई. तिला कशाला बोल लावायचा?"

त्या दिवसापासून रेघ एकच निघू लागली. ताई ओढत आणि मिस्त्री चष्मा लावून शेजारी उभे राहत. "तेरा." "तेराच ना?" "तेराच." मधल्या वेळात दोघे घरात काय बोलत, मला ऐकू येत नसे. पण पटराणी लठ्ठपणा सोडून रोडावली होती, एवढे खरे. पूर्वी दाणे मिळत नसले तरी हाक तरी मारली जाई, आता तीही मारली जात नव्हती.

नेम करणाऱ्याला नेमाचा शेवटचा दिवस ठाऊक असतो. त्याच्या बळावर माणूस मधले दिवस काढतो. करडीचा शेवटचा दिवस माणसांनी हरवून टाकला होता. तिचा तुरा पांढरट पडू लागला. पिसांमधून तिचे हाड मला लागू लागले. आणि एकोणिसाव्या दिवशी जे झाले, ते मी जन्मात विसरणार नाही.

ती बोलू लागली.

कोंबडीचा नेहमीचा कलकलाट तुम्ही ऐकला असेल. हा आवाज तो नव्हे. घशातल्या घशात, पाणी उकळायच्या आधी भांडे पुटपुटते तसा, खाली पोटाशी वळून केलेला. पिल्लू बाहेर यायच्या आधी कोंबडी असे बोलते, आणि टरफलाच्या आतून ते उत्तर देते. दोघांची ओळख अशी आधीच होते. करडी बोलायची आणि थांबायची. मान वाकडी करून ऐकायची. पुन्हा बोलायची. पुन्हा थांबायची. तिच्या पोटाखाली एकटा मी होतो.

मित्रांनो, चोच खाल्ली तेव्हा मला दुखले नव्हते. त्या थांबण्याने दुखले. सत्तावीस वर्षे मी कोंबड्यांना जागा दाखवत होतो, पण विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. विसाव्या दिवशी ती जास्त बोलली. एकविसाव्या दिवशी, बुधवारी, उठलीच नाही. नेमाचे चार दाणेही खाल्ले नाहीत.

गुरुवारी सायकलवर पिल्लेवाला येई. पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या खोक्यात एका दिवसाची पिल्ले घेऊन. भाऊबहीण सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

"खुडूक कोंबडीखाली घालणार?" त्याने विचारले. "आधी सांगून ठेवतो. आवाज ओळखीचा नसला तर डोकं फोडते ती. मग माझ्या नावाने खडे फोडू नका."

"तुझ्या नावाने कशाला? आमच्याच नावाने भरपूर फोडून झालेत," ताई म्हणाल्या. "पाच दे. चांगली ओरडणारी दे."

ऊन कुंपणावरून उतरले तेव्हा त्या खुराड्यापाशी आल्या. ओच्यात पाच पिल्ले होती, त्यांची नुसती चिवचिव ऐकू येत होती. मिस्त्री मागे उभे होते. करडी डोळे अर्धे मिटून बसली होती. मला तिच्या काळजाचे ठोके लागत होते, अगदी लांब लांब.

"ताई, मी घालू का?"

"नको. मी काढली होती, मीच घालते."

त्यांचा हात आत आला. करडीने चोच मारली, त्याच मनगटावर. हात मागे गेला नाही. मुठीतले पहिले पिल्लू हळूच तिच्या पिसांखाली, माझ्या अगदी अंगाला लागून, ठेवले गेले. करडीचे सारे अंग ताठ झाले. तिने मान खाली घातली. तिची चोच त्याच्या डोक्यापासून गव्हाच्या दाण्याएवढी लांब होती.

आणि करडी बोलली. तोच घशातला आवाज. बोलली आणि थांबली.

पिल्लू थंडीने कुडकुडत माझ्या पोटाला चिकटले आणि म्हणाले, "ची."

आवाज माझ्या जागेवरून गेला होता. करडीने तो ऐकला. क्षणभर ती हललीच नाही. मग तिने पिसे सैल केली, पंख जरासा उचलला आणि इतक्या भरभर बोलू लागली की त्या लहानग्याला मध्ये बोलायला जागा मिळेना. मला वाटते, तिला मीच बोललो असे वाटले असावे. वाटले असेल तर वाटू दे. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या नावावर जमा झालेले तेवढे एकच उत्तर आहे.

उरलेली चार पिल्ले एकामागून एक आत आली. ताई खुराड्याला पाठ टेकून जमिनीवर बसल्या. मिस्त्री त्यांच्या शेजारी बसले.

"त्या कपाटाचा खण," थोड्या वेळाने ताई म्हणाल्या, "बाबांचेही कुरकुरायचे रे. ते मेण लावायचे."

"माहीत आहे मला," मिस्त्री म्हणाले.

दोन दिवसांनी करडी पिल्लांना घेऊन खाली उतरली. तिने मागे वळून पाहिले नाही. तसेच असायला हवे. ती धुळीत चोच मारून दाणा दाखवी आणि पिल्ले तिच्या चोचीखालून तो टिपत. तिचा तुरा हळूहळू पुन्हा लाल झाला.

दीड महिन्याने मिस्त्रीणबाई परतल्या. लेकीला मुलगा झाला होता आणि माझ्या भावंडांना पुन्हा काम लागले होते. पिशवी खाली ठेवायच्या आधीच त्यांनी परसात पाहिले.

"करडीची पिल्लं पिवळी कशी?"

"त्याचं असं झालं," दोघे एकदमच म्हणाली, आणि दोघेही थांबली.

"तू सांग," मिस्त्री म्हणाले.

"नाही, तूच सांग."

मिस्त्रीणबाईंनी एकदा भावाकडे पाहिले, एकदा बहिणीकडे. मग त्या पायरीवर बसल्या. ताईंनी काहीही न लपवता सांगितले, राखेसकट. ऐकून बाई खड्ड्याच्या दिशेने बघत राहिल्या.

"वन्सं, चूक माझीही आहे. एक काम मी मुद्दाम दोघांना सांगितलं. म्हटलं, कोंबडीच्या निमित्ताने तरी बोलाल. आणि त्या सहा जिवांना मध्ये घातलं."

पटराणीला त्या दिवशी मूठभर दाणे मिळाले.

मी अजून त्याच खणात आहे. मला काढायचा विषय एकदा निघाला होता, पण घराची रीत मोडवेना. मित्रांनो, तुम्ही प्राणी पाळा, त्यांची अंडी घ्या, दूध घ्या, त्यांच्याशी दोन खोटे खेळही खेळा. जगाचे असेच चालत आले आहे. पण कोणाला विश्वासाने बसवलेत तर त्याचे दिवस नीट मोजा. आपले भांडण त्याच्या दारावर लिहू नका. आणि तो जीव काही विचारू लागला, तर उत्तर द्यायला माझ्यासारख्याला एकट्याला ठेवून जाऊ नका.

कालपासून करडीच्या पिल्लांपैकी एक, आता मोठी झालेली पिवळी, माझ्यावर बसू लागली आहे. खाली खरी अंडी पाच आहेत. दारावर आज एक रेघ आहे आणि तिच्याखाली दोघांच्याही हातची खूण आहे. कुलपाच्या भोकातून ऊन आत आले आहे. पिवळी गरम आहे. ती एकोणिसाव्या दिवशी बोलू लागेल. या वेळी शेजारून कोणीतरी उत्तर देईल, आणि मी थकलेला असलो तरी तेवढे ऐकायला जागा राहीन.